ताटातला वड

कोल्हापूर,
२८ मे

चि. भाच्यास,


‘बोन’ म्हणजे पसरट भांडे आणि ‘साई’ म्हणजे लागवड, असा ‘बोन्साय’ या जपानी शब्दाचा अर्थ. मूळ कला चीनची. तिला आजचे रूप आले जपानमध्ये. बोन्साय ही झाडाची वेगळी जात नव्हे, आणि उपाशी ठेवलेले झाड तर नव्हेच. मुळे आणि फांद्या वेळोवेळी छाटून दोन्हींचा मेळ राखला, की झाड लहान राहते. गडाच्या तटात रुजलेला पिंपळ वर्षानुवर्षे हातभरच राहतो. मुळांना फटीपुरतीच जागा असते. माणूस तेच काम जाणतेपणाने करतो.

कोल्हापुरात नवशिक्याने वड, पिंपळ किंवा उंबर निवडावा. ही एकाच कुळातली झाडे इथल्या हवेत रमतात आणि छाटणी सोसतात. थंड प्रदेशातले जुनिपर इथे सुरुवातीला घेऊ नये.

पंचगंगाकाठची काळी माती उसाला उत्तम, उथळ कुंडीला मात्र घातक. ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. वाळली की भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात. त्याऐवजी ज्वारीच्या दाण्याएवढे विटांचे तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग घ्यावे. विटा आणि वाळू चाळून त्यांतली धूळ टाकावी. कुंडीच्या भोकांवर जाळी बसवावी.

बहुतेक बोन्साय पाण्याच्या चुकीने मरतात. घड्याळ पाहून पाणी घालू नये. बोटाचे पेर मातीत खुपसून पाहावे. वरचा थर सुकू लागला असेल, तर भोकांतून निथळेपर्यंत पाणी द्यावे. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदाही लागते. जुलैच्या झडीत कुंडी विटांवर उचलून जराशी कलती ठेवावी, म्हणजे पाणी तुंबत नाही. झाडाची जागा गच्चीत किंवा अंगणात. दिवाणखान्यात ते झुरते. रोज चार-पाच तास ऊन हवे, फक्त कडक उन्हाळ्यात दुपारची सावली.

कुंडी बदलण्याचा काळ पावसाळ्याच्या तोंडावरचा. कोवळे झाड दर एक-दोन वर्षांनी काढून सुमारे एक तृतीयांश मुळे धारदार कात्रीने कापावीत, वरच्या फांद्याही त्या बेताने कमी कराव्यात आणि झाड पंधरा दिवस सावलीत ठेवावे. महिनाभर खत देऊ नये. ताज्या जखमांना ते सोसत नाही. पुढे वाढीच्या दिवसांत महिन्याला चिमूटभर निंबोळी पेंड पुरते.

आकारासाठी ॲल्युमिनियमची तार वापरतात. तिची जाडी फांदीच्या एक तृतीयांशाएवढी असावी आणि वेढे तिरपे, ४५ अंशांत घ्यावेत. वड-पिंपळाची फांदी लवकर जाडावते. तार सालीत रुतण्याआधी कापून काढावी, उलगडू नये. पानांच्या बेचक्यांत पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर ओल्या कापसाने पुसून निंबोळी तेलाची फवारणी करावी.

नवशिक्याची घाई आकाराची असते. झाडाला आधी मुळे धरायची असतात. म्हणून पहिले वर्ष झाड जगवण्याचे. तारेला हात दुसऱ्या वर्षी लावावा.

तुझा,
मामा