शुक्केइएन: हिरोशिमातील एका बागेची चार शतके

१/
हिरोशिमाच्या रेल्वे स्थानकापासून पायी पाव तासाच्या अंतरावर एक बाग आहे. नाव शुक्केइएन, म्हणजे ‘आटोपशीर केलेल्या निसर्गदृश्याची बाग’. फाटकातून आत शिरणाऱ्यास उंच इमारतींच्या गराड्यात डोंगर, दऱ्या, वनराई आणि बेटांनी भरलेले तळे दिसते. हे सारे सुमारे चार हेक्टरांत सामावलेले आहे.

२/
१६१९ मध्ये आसानो नागाआकिरा हा सरदार हिरोशिमाचा अधिपती झाला. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या निवासासाठी ही बाग उभारण्यास आरंभ केला. आखणी उएदा सोको याची. हा सोको रणांगण गाजवलेला योद्धा होता आणि चहाविधीचा आचार्यही.

३/
बागेची रचना प्रदक्षिणेची आहे. तळ्याभोवतीची वाट मुद्दाम वळणावळणाची ठेवलेली आहे. एका वळणावर जे दिसते, ते पुढच्या वळणावर झाकले जाते आणि नवे दृश्य उघडते. त्यामुळे लहानशी जागा चालणाऱ्यास विस्तीर्ण भासते. चीनमधील हांगचौच्या पश्चिम सरोवराचे हे लघुरूप आहे, असे परंपरा सांगते.

४/
तळ्याच्या मध्यावर कोकोक्यो हा कमानदार दगडी पूल आहे. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सातवा अधिपती आसानो शिगेआकिरा याने बांधवला. पहिला पूल मनास आला नाही म्हणून तो पाडून पुन्हा बांधवून घेतला, असे सांगतात.

५/
१९४० मध्ये आसानो घराण्याने बाग प्रांतिक शासनास दान केली. पाचच वर्षांनी, ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता, शहरावर अणुबॉम्ब पडला. स्फोटकेंद्र दीड किलोमीटरच्याही आत होते. बागेतील वास्तू नष्ट झाल्या, वृक्ष होरपळले.

६/
तरीही माणसे याच बागेकडे धावली. संकटकाळी आश्रयाची जागा म्हणून ती परिसरातील रहिवाशांना नेमून दिलेली होती. शिवाय लगतच नदी होती. पाद्री कियोशी तानिमोतो यांनी येथून जखमींना होडीतून पैलतीरी नेले. जॉन हर्सी यांनी १९४६ मध्ये ती हकीकत जगापुढे मांडली. लेखक हारा तामिकी हेही त्या दिवशी याच बागेतून नदीकाठी पोहोचले होते.

७/
उपचारांअभावी अनेकांनी बागेतच प्राण सोडले. त्यांतील कित्येकांना तेथेच पुरण्यात आले. १९५१ मध्ये बाग पुन्हा खुली झाली. १९८७ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा ६४ जणांचे अवशेष सापडले. मधली ३६ वर्षे लोक येथे फुले पाहत फिरत होते आणि ही माणसे मातीखालीच होती. आज त्यांच्या स्मरणार्थ तेथे शिळा उभी आहे.

८/
जळालेली बाग पुन्हा उभारली, तर ती तीच बाग राहते का? वास्तू नव्या आहेत, बहुतेक वृक्षही नवे. पण कोकोक्यो पूल त्या दिवशी कोसळला नाही, आणि होरपळलेल्या एका गिंको वृक्षाला पुन्हा पालवी फुटली. स्मारकशिळा वाचून पुलाकडे वळणारा प्रवासी जरा हळू चालतो. सोकोने वाट वळणाची ठेवली ती पुढचे दृश्य झाकून ठेवण्यासाठी. आता त्या वाटेवर बागेचा भूतकाळही एकेका वळणाने समोर येतो.