एका बोल्टची पाच नावं

२००९ साली मी भोसरीच्या एमआयडीसीत एका लहान कंपनीत डिझाइनला लागलो. सत्तरेक माणसं होती. कामं सगळी ऑर्डरप्रमाणे. कधी कन्व्हेयर, कधी वेल्डिंगचं फिक्श्चर, कधी एखादं स्पेशल पर्पज मशिन. एक मशिन सहसा दुसऱ्यासारखं नसायचं. "आपलं शिंप्याचं दुकान आहे," मालक म्हणायचे, "रेडीमेड कपड्यांचं नाही."

मी कॉम्प्युटरवर मशिनचं थ्रीडी मॉडेल करायचो. मॉडेल झालं की सॉफ्टवेअर त्यातल्या भागांची यादी काढून द्यायचं. तिला आम्ही बीओएम म्हणतो. ही यादी छापून मी खाली स्टोअरला नेऊन द्यायचो. तिथे अण्णा बसायचे. ते लाल पेनाने यादीवर काही खुणा करायचे आणि मग परचेसमधली मुलगी ती ईआरपीत हाताने टाइप करायची. खरेदी, साठा, खर्च, बिलं, सगळा हिशेब त्या ईआरपीत. चारशे ओळींची यादी असली की तिचे दोन दिवस त्यातच जायचे. एकदा ४ च्या जागी ४० बेअरिंगं आली. ती पुढे वर्षभर रॅकवर होती.

२०१६ साली ठरलं की डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि ईआरपी एकमेकांना जोडायचं. मी इकडे बटण दाबलं की तिकडे यादी आपोआप जाणार. मीटिंगमध्ये मी सगळ्यांत उत्साहात होतो. "मध्ये माणूस आहे म्हणून चुका होतात," असं मी बोललो. अण्णा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. ते काही बोलले नाहीत.

जोडणी करून देणाऱ्या लोकांनी तीन आठवडे सांगितले होते. तारा जोडायला तेवढेही लागले नाहीत. पण त्या जोडणीतून पाठवायचं काय, हे ठरवायला आठ महिने गेले.

पहिली अडचण नावांची. बारा मिलिमीटरचा, चाळीस लांबीचा साधा षटकोनी बोल्ट. ईआरपीत तो पाच नावांनी होता. कुणी 'एम १२ x ४०' लिहिलं होतं, कुणी 'हेक्स बोल्ट १२ बाय ४०', कुणी आधी लांबी आणि मग व्यास. माझ्या मॉडेलमध्ये त्याचं सहावंच नाव. माणसाला हे सगळं एकच आहे हे कळतं. कॉम्प्युटरच्या लेखी या सहा वेगवेगळ्या वस्तू होत्या, आणि त्यातल्या एकीचा साठा शून्य म्हणून तो नवी ऑर्डर काढायला निघाला होता. बोल्टांची पेटी शेजारच्या खणात भरलेली असताना.

मग गिअरबॉक्स. तो आम्ही तयार विकत घेतो. त्याचं मॉडेल उत्पादकाकडूनच मिळतं, पण त्यात आतले दात, झाकणं, स्क्रू असं सगळं सुटं असतं. पहिल्या चाचणीत सिस्टिमने त्या गिअरबॉक्सचा एकेक स्क्रू खरेदीला लावला. मांडणी नीट दिसावी म्हणून मी ग्राहकाचं जुनं प्रेस मशिन मॉडेलमध्ये उभं केलं होतं. तेही बनवायच्या यादीत आलं. त्या दिवशी ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, पण यादी माझी होती.

उलटंही होतं. ड्रॉइंगमध्ये नसतं ते सगळं मशिनला लागतंच: रंग, ग्रीस, वेल्डिंगचे रॉड. शिवाय मी काढतो ३१२ बाय १८४ ची, दहा मिलिमीटर जाडीची प्लेट. परचेसला प्लेट नको असते, किलो हवे असतात. लांबी, रुंदी, जाडी आणि लोखंडाची घनता ७.८५ असा गुणाकार केला की साडेचार किलो येतात. पण कापताना वाया जाणारं त्यात कुठे धरलंय? ते अण्णा धरत. त्यांच्या लाल खुणा म्हणजे हेच होतं. सात वर्षं मी त्या खुणा पाहत होतो आणि म्हातारा माणूस उगाच रेघोट्या मारतो असं समजत होतो.

ही दोन सॉफ्टवेअरं मुळातच वेगळ्या घरांत वाढलेली. ऑटोकॅड १९८२ साली आलं ते ड्रॉइंग बोर्डाची जागा घ्यायला. कच्च्या मालाचं नियोजन कॉम्प्युटरवर करण्याची रीत त्याच्याही आधीची. जोसेफ ऑर्लिकी यांचं त्यावरचं प्रसिद्ध पुस्तक १९७५ चं. त्या रीतीत वस्तूची यादी आधीच ठरलेली आहे, असं धरलेलं असतं. ठरलेलं मशिन पुन्हा पुन्हा बनवणाऱ्याला ते सोयीचं. आमच्याकडे गिअरबॉक्सची ऑर्डर द्यायची वेळ येते तेव्हा निम्मं मशिन अजून माझ्या डोक्यात असतं. गिअरबॉक्स यायला दोन-दोन महिने लागतात, थांबून चालत नाही. म्हणजे अर्धवट यादीवर पैसे खर्च करायचे, आणि अर्धवट कुठे आहे हे लक्षात ठेवायचं. हे लक्षात ठेवण्याची जागा दोन्ही सॉफ्टवेअरांत नव्हती.

जोडणी सुरू झाली आणि खरंच बरं चाललं. दोन दिवसांचं टाइपिंग दहा मिनिटांवर आलं. परचेसमधली मुलगी सहाला घरी जाऊ लागली. अण्णांकडे छापील यादी जाणं बंद झालं.

मग एका कन्व्हेयरच्या ऑर्डरमध्ये ग्राहकाने वजन वाढवलं. मी शाफ्ट तीसचा चाळीस केला, बेअरिंग ब्लॉक २०६ चे २०८ केले. या नंबरांतले शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की शाफ्टचा व्यास येतो, त्यामुळे तिथे चूक होत नाही. पण ब्लॉकखालची प्लेट मी मागच्या ऑर्डरमधून उचलली होती आणि ती बदलायची राहिली. २०६ च्या दोन भोकांतलं अंतर १२१, २०८ चं १३७. संध्याकाळी साडेसातला मी रिलीजचं बटण दाबून घरी गेलो. सकाळपर्यंत ऑर्डर लेझर कटिंगवाल्याकडे पोचली होती. चोवीस प्लेटा आल्या. सगळ्या १२१ च्या.

सिस्टिमने काहीच चुकीचं केलं नव्हतं. प्लेटचा कोड बरोबर होता, संख्या बरोबर, दर बरोबर.

मी खाली गेलो तेव्हा अण्णा एका प्लेटवर बेअरिंग ब्लॉक ठेवून बघत होते. मला वाटलं, आता टोमणा मारतील. ते एवढंच म्हणाले, "साहेब, ही प्लेट दोनशे सहाची. यादीत नंबर दिसला असता तरी मी फोन केला असता."

"किती वेळा केला असेल असा फोन, अण्णा?"

"मोजले नाहीत. तुम्ही दुरुस्त करायचात, विषय संपायचा."

तेच खरं होतं. टाइपिंगची चूक रॅकवर वर्षभर सगळ्यांना दिसली. अण्णांनी थांबवलेली चूक कधी घडलीच नाही, म्हणून ती कुणाच्या हिशेबात आली नाही. माझ्या तर नाहीच. मी दोघांनाही 'मधला माणूस' म्हणून एकाच मापात मोजलं होतं.

त्यांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. मी मालकांकडून परवानगी काढली आणि रोज दुपारी तास-दीड तास स्टोअरमध्ये बसू लागलो. ते यादी वाचत आणि मी विचारत, इथे का थांबलात? बऱ्याचदा त्यांना सांगता यायचं नाही. "बरोबर वाटत नाही," म्हणायचे. मग शोधायला लागायचो. त्यातलं काही नियमात बसलं: अमुक बेअरिंग असेल तर तमुक प्लेट, कापताना इतकी सूट, रंग चौरस मीटरवर. ते आम्ही सिस्टिमला शिकवलं. बरंचसं बसलं नाही. त्यासाठी आम्ही रिलीज आणि खरेदी यांच्यामध्ये एक पायरी पुन्हा घातली. तिथे यादी थांबते, कुणीतरी ती वाचतं आणि हो म्हणतं. मालकांनी विचारलं, "मग जोडून मिळवलं काय?" मी म्हटलं, आता ती मुलगी टाइप करत नाही, वाचते.

गेल्या महिन्यात संध्याकाळी सातला तिचा फोन आला. मी गाडीवर होतो, रस्त्याच्या कडेला थांबलो. "सर, या फ्रेमला पाय चार आणि पायाखालचे पॅड सहा कसे?" मी वैतागून म्हटलं की मॉडेलमधूनच यादी आलीय, बरोबरच असणार. ती म्हणाली, "एकदा बघता का?"

मी गाडी वळवली आणि परत ऑफिसला गेलो. पाय सहाच हवे होते. दोन काढायचे राहिले होते.