बाळंतपणातले माझे सोबती

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की सून आईकडे जाते आणि नवरा बारशाला पोचतो. माझ्या वडिलांचं, काकांचं असंच झालं. मधल्या दिवसांत बाईचं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं आणि ते ठाऊक असावं असंही कधी कुणी म्हटलं नव्हतं. पण आम्ही होतो अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये, आणि सासूबाईंना व्हिसा मिळेना.

दवाखान्यातल्या मिडवाइफ बाईंनी आमचं नाव ‘सेंटरिंग प्रेग्नन्सी’च्या गटात घातलं. शॅरन शिंडलर रायझिंग या मिडवाइफनं १९९३ साली याच राज्यात ही पद्धत सुरू केली. एकाच सुमारास दिवस भरणाऱ्या ८ ते १२ जणी आणि त्यांचे जोडीदार गोल करून बसतात. अशा १० बैठका, दीड-दोन तासांच्या. वजन, रक्तदाब बायका स्वतःच मोजून कागदावर लिहितात. कोपऱ्यात चटईवर एकेकीचं पोट तपासलं जाई. बाईंनी टेप माझ्या हातात दिली. निम्मे दिवस उलटल्यावर जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर गर्भाशयाची उंची भरते. पत्नीच्या पोटावर ती टेप धरली, तेव्हा या सगळ्यात आपलंही काही काम आहे असं मला पहिल्यांदा वाटलं.

एकदा बाईंनी पुरुषांना विचारलं, कशाची भीती वाटते? आम्ही नोकरी, पैसे असं सांगत गेलो. एक ट्रकचालक म्हणाला, “माझा बाप मारायचा. पोर रडत राहिलं आणि माझा हात उठला तर?” कुणी त्याला नावं ठेवली नाहीत. बाई म्हणाल्या, “बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, खोलीबाहेर जा, शांत होऊन परत या. थोडा वेळ रडल्यानं बाळाला काही होत नाही. गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होते.”

मुलगी झाल्यावर एका रात्री तिचं रडं थांबेचना. माझे हात थरथरायला लागले. तिला पाळण्यात ठेवून मी जिन्यात बसलो आणि त्या ट्रकचालकालाच फोन लावला. गाडी बाजूला घेऊन तो माझ्याशी बोलत राहिला. त्यानं चारचौघांत ते वाक्य उच्चारलं नसतं, तर त्या रात्री काय झालं असतं, हा विचार मला आजही सोसत नाही.

पत्नी आतल्या आत मिटत चालली होती, हेही माझ्याआधी गटातल्याच एकीनं ओळखलं. “माझंही असंच होतंय,” म्हणत ती तिला तपासणीला घेऊन गेली. तिथे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणाऱ्या एडिंबरा प्रश्नावलीतले १० प्रश्न विचारले गेले, आणि उपचार वेळेवर सुरू झाले.

आता आमच्या मराठी मंडळात कुणी बाप होणार असला, की मी त्याला त्या ट्रकचालकाचा प्रश्न सांगतो आणि माझा फोन नंबर देतो.