आबांची खंजिरी फाटली तेव्हा

मुलांनो, तुमच्या शाळेत परिपाठाला स्पीकरवर गाणी लागतात ना? आमच्याही लागतात. मी अमरावतीला प्राथमिक शाळेत शिकवतो आणि परिपाठाचा पेन ड्राइव्ह माझ्याकडे असतो. त्यात प्रार्थना, राष्ट्रगीत, राज्यगीत, बालगीतं, कवायतीची गाणी, गोष्टींचे व्हिडिओ अशा अडीचशेच्या वर फायली आहेत. काही जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या, काही सीडीवरच्या, काही मोबाइलवर टिपलेल्या. जिथून मिळाल्या तिथून गोळा केलेल्या!

एका सकाळी काय झालं, प्रार्थना इतकी हळू लागली की मागच्या रांगेला ऐकूच जाईना. मी स्पीकरची गुंडी जवळजवळ शेवटपर्यंत फिरवली. प्रार्थना संपली आणि पुढचं कवायतीचं गाणं असं काही धाडकन सुरू झालं, की कडुनिंबावरचे कावळे उडाले. पोरं खो खो हसायला लागली. पण पहिलीतली एक चिमुरडी दोन्ही कानांवर हात ठेवून रडू लागली. मी धावत जाऊन गुंडी उलटी फिरवली. दुसऱ्या दिवशी ती रांगेत यायलाच तयार होईना. दाराआडून म्हणाली, "सर, थो डब्बा वरडते!"

मला फार वाईट वाटलं. डब्ब्याचा काय दोष? फायली गोळा करणारा मी. मग ठरवलं, सगळ्या फायलींचा आवाज एका पातळीत आणायचा. आणि इथेच मी एक मोठी चूक केली. तीच तुम्हाला सांगायची आहे.

त्या पेन ड्राइव्हमध्ये माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, तीन भजनं होती. आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यात. आबा शेतकरी, पण संध्याकाळी देवळात खंजिरी हातात घेतली की निराळेच दिसायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव तुम्हाला माहीत असेलच. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला त्यांचा जन्म झाला. मोझरीचा गुरुकुंज आश्रम त्यांचाच. खंजिरीवर भजन म्हणत ते गावोगाव फिरले, आणि वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत तशी भजनं रुजली. आबा त्यातलेच एक. आता आबा नाहीत. दोन वर्षं झाली. राहिली आहेत ती मोबाइलवर टिपलेली ही तीन भजनं.

तिन्ही फायलींत आबांचा आवाज हळू येत होता. मी संगणकावर त्या उघडल्या. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात, तुम्ही पाहिल्या असतील. मी म्हटलं, या लाटा मोठ्या करू, झालं काम! संगणकानं मला अडवलंसुद्धा बरं का. एका छोट्या चौकटीत खूण केल्याशिवाय तो पुढे जाईना. मी काही न वाचता खूण केली, तिन्ही फायली मोठ्या केल्या आणि त्याच नावानं, त्याच जागी साठवून टाकल्या.

मग वाजवून पाहिलं. आबांचा आवाज मोठा झाला होता खरा, पण खंजिरीचा प्रत्येक ठोका फुटलेल्या पत्र्यासारखा येत होता. तिच्या झांजांची ती किणकिण कुठेच नव्हती. मी गुंडी कमी केली, तरी तेच. आवाज लहान झाला, पण फाटलेला तो फाटलेलाच राहिला.

त्याच शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून मी अकोल्याला ताईकडे गेलो. ताईची मुलगी नववीत आहे. मी शिक्षक असलो तरी या बाबतीत तीच माझी गुरू! तिनं फाइल ऐकली, लाटा पाहिल्या आणि म्हणाली, "मामा, काय केलं हे? शेंडेच छाटले तुम्ही!"

तिनं मला समजावलं ते असं. संगणकात आवाज आकड्यांनी लिहिलेला असतो. सीडीचंच घ्या. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाज मोजतात, आणि प्रत्येक वेळी येणारा आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्यामध्येच असतो. त्याच्या वर जागाच नाही. खोलीला जसं छत असतं, तसंच हे. आबांचा आवाज जमिनीजवळ होता, पण खंजिरीचा ठोका आधीच छताला टेकलेला होता. मी सगळंच वर ढकललं. आबांचा आवाज वर सरकला, पण ठोक्यांनी जायचं कुठे? छताच्या वर गेलेला प्रत्येक आकडा ३२,७६७ होऊन बसला. टोकदार लाट वरून सपाट झाली. आपल्या कानाला ती सपाट लाट फाटकी लागते.

"मग पुन्हा लहान केलं की शेंडे परत येतील ना?" मी विचारलं.

"चेंगरलेला डबा लहान फोटोत काढला, तर पोचे जातात का, मामा?"

मी गप्प बसलो. छाटलेले शेंडे अंदाजानं जोडून देणारी सोय संगणकावर असते. ती तिनं करून पाहिली. थोडं बरं वाटलं, पण तो अंदाजच. आबांच्या बोटांचा ठोका तो नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्या फायलींचा सर्वांत उंच शेंडा सारखा केला की आवाज सारखा होईल! मलाही तसंच वाटायचं. वर्गातलं उदाहरण घ्या. एक मुलगा तासभर शांत बसतो आणि एकदाच जोरात "हजर!" म्हणतो. दुसरा तासभर अखंड मोठ्यानं बोलत राहतो. दोघांचा सर्वांत मोठा आवाज सारखाच असला, तरी बाई कोणाला म्हणतील, "अरे, किती आवाज!"? दुसऱ्यालाच ना? आपले कान एका शेंड्यावरून आवाज ठरवत नाहीत. बराच वेळ मिळून सरासरी किती आवाज आहे, आणि तो जाड आहे की बारीक, यावरून ठरवतात.

टीव्हीवर मालिकेनंतर जाहिरात आली की घरातले सगळे रिमोट शोधतात, त्याचं कारण हेच. जाहिरातीचा शेंडा उंच नसतो, पण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत छताला टेकलेली असते. हे नीट मोजायचं कसं, याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २००६ साली ठरवून दिली. तिच्या आधारानं युरोपातल्या प्रसारकांनी २०१० साली सगळ्या कार्यक्रमांसाठी एक पातळी नेमली. अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजाचा कायदा २०१० साली झाला आणि डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. आपल्याकडे तर केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतच लिहिलं आहे की जाहिराती अवाजवी मोठ्या आवाजाच्या नसाव्यात.

गाण्यांच्या फायलींसाठी डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ साली एक छान युक्ती मांडली. तिचं नाव रिप्लेगेन. संगणकानं आधी पूर्ण गाणं ऐकायचं, ते माणसाच्या कानाला किती मोठं वाटेल ते मोजायचं, आणि फाइलीत एक चिठ्ठी लिहून ठेवायची, 'मला वाजवताना इतकं कमी करा.' गाण्याला हातही लावायचा नाही! वहीत खाडाखोड न करता समासात पेन्सिलीनं टीप लिहावी तसं.

पण आमच्या शाळेचा स्पीकर पडला साधा. त्याला चिठ्ठी वाचता येत नाही. म्हणून भाचीनं एमपीथ्रीगेन नावाचा दुसरा प्रोग्रॅम काढला. एमपीथ्री फाइलीत आवाजाचा आकडा लिहिलेला असतो, तेवढाच तो बदलतो, तोही दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी. काय बदललं याची नोंद फाइलीतच राहते, त्यामुळे नंतर पूर्ववत करता येतं. डेसिबल म्हणजे आवाज मोजण्याचं माप. साधारण दहा डेसिबल वाढले की आवाज आपल्याला दुप्पट वाटतो.

तिनं सगळ्या फायली मोजल्या. कवायतीचं गाणं आलं ९७. जुनी बालगीतं ८६-८७. आणि आबांची भजनं, तिच्याकडे होती तशी, ८२. हे आकडे म्हणजे आपल्या कानावर पडणारा आवाज नव्हे हं! तो शेवटी स्पीकरच्या गुंडीवर ठरतो. ही नुसती फायलींची आपसातली तुलना. प्रोग्रॅम म्हणत होता, सगळ्यांना ८९ वर आणा. मी म्हटलं, चला आणू.

"नाही मामा," ती म्हणाली, "आबांना ८९ वर नेलं तर खंजिरी पुन्हा फाटणार. ते वर येऊ शकत नाहीत. बाकीच्यांना खाली येता येतं. मग त्यांनीच यावं."

किती सोपी गोष्ट! कवायतीचं गाणं ९७ वरून ८२ वर, म्हणजे पंधरा डेसिबल खाली. दीडच्या किती पायऱ्या? करा बरं हिशोब. बरोबर, दहा! सगळे ८२ ला आले की स्पीकरची गुंडी एकदाच थोडी वाढवायची. तेवढी वाढवली की स्पीकरची 'सूं' जराशी जास्त ऐकू येते. तेवढं चालतं.

व्हिडिओंचं काय? व्हिडिओच्या फाइलीत चित्र आणि आवाज जेवणाच्या डब्यातल्या दोन कप्प्यांसारखे वेगवेगळे असतात. चित्राचा कप्पा तसाच ठेवून आवाजाचाच बदलता येतो. तेही तिनं करून दिलं.

एका ठिकाणी मात्र आम्ही थांबलो. गाडगेबाबांच्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. १९५६ साली मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं ते कीर्तन. बाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, बालपण गेलं आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला. त्यामुळे कीर्तनातली बोली थेट आमच्या घरातली! हे कीर्तन माझ्याकडे तुकड्या-तुकड्यांत होतं. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून ८२ वर आणला असता, तर बाबा हळू आवाजात प्रश्न विचारतात तो तुकडा आणि सगळी सभा गजर करते तो तुकडा, दोन्ही सारखेच झाले असते. मग कीर्तनात राहिलं काय? अशा वेळी सगळे तुकडे एकच समजून मोजायचे आणि सगळ्यांना सारखंच वरखाली करायचं. म्हणजे आतले चढउतार जसेच्या तसे राहतात.

आता आबांच्या भजनांचं सांगतो. दोन भजनं दिवाळीत ताईच्याच घरी टिपलेली होती. तिच्या काच तडकलेल्या जुन्या मोबाइलमध्ये ती मूळ रूपात सापडली. ज्यांची पातळी ८२ आली, ती हीच. तिसरं भजन मात्र मी गावी माझ्या मोबाइलवर टिपलं होतं, आणि पेन ड्राइव्हमध्ये घेतल्यावर जागा हवी म्हणून मोबाइलमधून पुसलं होतं. ते गेलं ते गेलंच. त्याच्या शेवटी आबा खंजिरी खाली ठेवून मला म्हणतात, "झालं का रे बावा तुह्यं?" ते शब्द अजून ऐकू येतात. पण त्याआधीचं भजन फाटकंच राहिलं. आता मी कोणतीही फाइल बदलण्याआधी तिची एक प्रत 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. तुम्हीही ठेवा. आजीची अंगाई असो, की धाकट्या भावाचं पहिलं बोबडं बोलणं, आधी प्रत करा, मग हवे ते प्रयोग करा.

आणि हो, कानात यंत्र घालून ऐकताना सांभाळा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, आणि मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची. एखादं गाणं हळू लागलं म्हणून आपण आवाज वाढवतो आणि पुढचं गाणं कानात धाडकन आदळतं. फायली एका पातळीत असल्या की तो धोका कमी होतो.

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. त्या दिवशी परिपाठाला प्रार्थना लागली, मग आबांचं एक भजन, मग कीर्तनाचा एक तुकडा आणि शेवटी कवायतीचं गाणं. गुंडीला मी एकदाही हात लावला नाही. पहिलीतली ती चिमुरडी रांगेत पुढेच उभी होती, हात कानांवर नव्हे, पाठीमागे. भजन चालू असताना तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "सर, हे कोन गाऊन राह्यले?"

मी म्हटलं, "माझे बाबा."

"चांगले गातेत," ती म्हणाली, आणि खंजिरीच्या ठोक्यावर मान हलवू लागली.