दांडा हलतो, सुकाणू हलत नाही

शिडाच्या होडीत सुकाणूच्या दांड्याला ‘प्ले’ आला की पहिला हात पान्याकडे जातो. पण आधी विचारायला हवे ते हे की हा ढिलेपणा नेमका केव्हा जाणवतो. १९६९मध्ये अमेरिकेत बनू लागलेली कॅटलिना २२ घ्या. लांबी साधारण साडेएकवीस फूट, सुकाणू मागच्या फळीवर बाहेरून टांगलेले, आणि त्याच्या बाजूला ब्रॅकेटवर चार-सहा हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड. शिडे भरलेली असताना अशी होडी सहसा वाऱ्याच्या दिशेने वळू पाहते, म्हणून दांडा सतत थोडा ओढून धरावा लागतो. त्या एकतर्फी ओढीने प्रत्येक सांध्यातली फट एकाच बाजूला दाबलेली राहते; ढिलेपणा असतो, पण लपलेला. शिडे उतरवून मोटर सुरू केली की ती ओढ जाते, वर मोटरची थरथर येते आणि सुकाणू खडखडू लागते. म्हणजे मोटरने बिघाड केलेला नसतो, तिने तो फक्त उघडा पाडलेला असतो.

मग फट शोधायची कुठे? होडी पाण्याबाहेर असताना एकाने सुकाणूचे पाते खालून घट्ट धरावे आणि दुसऱ्याने दांडा हलवावा. दांडा हलला आणि पाते जागचे हलले नाही, तर दोष सुकाणूच्या डोक्यात, जिथे दांडा दोन पट्ट्यांमध्ये बसतो. पाते डुगडुगले तर सुकाणू पेलणाऱ्या खुंट्या आणि त्या ज्यात बसतात त्या कड्या तपासाव्यात. पाते वर उचलता येण्याजोगे असेल तर त्याचा बोल्टही पाहावा. यातली कुठली फट महाग पडते हे साध्या गणिताने कळते. दांडा पट्ट्यांमधल्या २० सेंटीमीटर लांबीच्या खाचेत बसतो आणि तिथे एकूण २ मिलीमीटर मोकळीक आहे असे धरा. खाचेच्या मध्यापासून मीटरभर अंतरावर, म्हणजे हाताशी, ती दोन्ही बाजू मिळून जवळपास २ सेंटीमीटर होते. खुंटी-कडीतली तेवढीच मोकळीक मात्र दांडा फारसा फिरवत नाही. ती सुकाणूला कलू देते आणि ठोके मारते. म्हणून आधी खाच, मग खुंट्या.

‘मग बोल्टच आवळून टाका ना’, असे कोणी म्हणेल. पण होडी वळवताना दांडा वर उचलता यायला हवा, आणि पट्ट्या लाकडावर चेपल्या की तो उचलणे जड जाते. लाकूड ओलाव्याने फुगते, तेव्हा आज नेमके बसवलेले उद्या अडकते. बोल्टने पट्ट्या पिळण्यापेक्षा दांड्याच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लॅस्टिकचे वॉशर घालून फट भरणे शहाणपणाचे. खुंटीला बुश घालायचा झाला तर नायलॉनपेक्षा ॲसिटल बरे, कारण नायलॉन पाणी पिऊन फुगते. आणि भोक लंबगोल झाले असेल तर कुठलाच बुश टिकत नाही. ते मोठे गोल करून मगच त्यात बुश बसवावा. हे कंटाळवाणे काम टाळण्यातच बहुतेक दुरुस्त्या फसतात.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे: मोटर आहे तर तिनेच होडी वळवावी, सुकाणूची एवढी काळजी कशाला? कोकणात आउटबोर्डवर चालणाऱ्या लहान होड्यांत मोटर हाताने फिरवतात. तिथे मोटर हेच सुकाणू असते आणि भागतेही. शिडाच्या होडीत मात्र मोटर बाजूला असते, पंख्याचा झोत पात्यावर नीट पडत नाही आणि वेग नसला की सुकाणू निकामी. धक्क्याला लागताना मोटर वळवणे हाच उपाय. पण सरळ चालताना ती मोकळी डुलू दिली तर दोन सुकाणू एकमेकांशी भांडत राहतात. आउटबोर्डला वळण्याचा घट्टपणा ठरवणारा स्क्रू असतो. सरळ वाटेवर तो आवळून मोटर स्थिर ठेवावी. आणि इथे एक गंमत करता येते. मोटर किंचित तिरकी ठेवली की ती होडीला एका बाजूला ढकलत राहते, दांड्यावर हलकी एकतर्फी ओढ येते आणि उरलेली फट शिडांखाली असते तशी दाबून जाते. त्यासाठी थोडा वेग आणि थोडे इंधन मोजावे लागते, एवढेच. मोटर आणि दांडा दांडीने जोडण्याचाही मार्ग आहे, पण त्या दांडीच्या दोन्ही टोकांना आकडा आणि कडी न वापरता बॉल जॉइंट लावावेत, आणि तिचे एक टोक चटकन सोडता यावे. नाहीतर ढिलेपणाचे आणखी दोन सांधे आपणच बसवलेले असतात.