मधल्या सुट्टींतील साक्ष

रानांत किंवा गांवाबाहेरच्या माळावर आकाशांतून कांहींतरी उतरलें, त्यांतून माणसाच्या आकाराचें पण माणूस नव्हे असें कोणी बाहेर आलें, क्षणभर उभें राहिलें आणि नाहींसें झालें, अशा हकिकती गेल्या पाऊणशे वर्षांत जगाच्या अनेक भागांतून ऐकूं आल्या आहेत. उडत्या तबकड्यांच्या या गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांना फार प्रिय. विज्ञानाच्या तासाला धडा कोणताहि चालूं असो, मागच्या बाकावरून एक हात वर होतो आणि प्रश्न येतो, "सर, हें खरें आहे का?" होय म्हणावें तर शास्त्र आड येतें, नाहीं म्हणावें तर मुलाचा चेहरा उतरतो. या प्रश्नाचें उत्तर जरा सविस्तर द्यावें आणि तें पालकांच्याहि वाचनांत यावें, या हेतूनें वार्षिकांतील माझ्या वांट्याचीं पानें मी यंदा या विषयाला देत आहें.

अशा शेंकडों हकिकतींपैकीं एकच मीं निवडली आहे, आणि ती एका शाळेची आहे. आफ्रिकेंतील झिम्बाब्वे देशाची राजधानी हरारे. तिच्यापासून सुमारें वीस किलोमीटरांवर रुवा नांवाचें गांव आहे व तेथें एरिअल नांवाची प्राथमिक शाळा आहे. १६ सप्टेंबर १९९४, शुक्रवारचा दिवस. सकाळीं दहाच्या सुमारास मधली सुट्टी झाली होती. शिक्षकमंडळी सभेला बसली होती आणि मुलें मैदानावर खेळत होतीं. मैदानाच्या हद्दीपलीकडे उंच गवत आणि झुडपें होतीं. त्या झुडपांत कांहीं मुलांना एक रुपेरी, चकाकणारी वस्तु उतरलेली दिसली. तिच्याजवळ सुमारें तीन फूट उंचीची एक आकृति होती. अंगावर काळा, घट्ट, चकचकीत पोशाख, मान काटकुळी, आणि डोळे मात्र फार मोठे. ती आकृति थोडी चालली, मुलें आपणांकडे पाहत आहेत असें तिच्या ध्यानांत आलें, आणि ती दिसेनाशी झाली. लहान मुलें रडूं लागलीं. त्या देशांत टोकोलोश नांवाच्या बुटक्या पिशाच्चाच्या गोष्टी घरोघरीं सांगतात; तोच आला आणि आतां आपल्याला खाणार, या भयानें कांहीं आफ्रिकन बालकांची तर गाळण उडाली.

मुलें धांवत खाऊच्या दुकानाकडे गेलीं. तेथें विद्यार्थ्यांपैकींच एकाची आई बसली होती. दुकान उघडें टाकून तिला निघवेना. सभा संपवून शिक्षक आले, त्यांनीं गलबला ऐकला, मुलांना समजावलें आणि वर्ग पुन्हां सुरू झाले. मुलांनीं घरीं जाऊन सांगितलें, पालक शाळेंत चौकशीला येऊं लागले, आणि मग मात्र गोष्ट देशभर झाली. सहा ते बारा वर्षांच्या बासष्ट मुलांनीं आपण हें पाहिलें असें सांगितलें. त्या वेळीं मैदानावर असलेल्या सर्वच मुलांना तें दिसलें असें नाहीं, हेंहि विसरतां कामा नये.

त्या सालीं मीहि शाळेंत होतों. रुवाच्या त्या मुलांतील मोठीं मुलें माझ्याच वयाचीं. पण ही हकिकत प्रथम वाचली तेव्हां मन मुलांपाशीं न राहतां सभेंत बसलेल्या शिक्षकांपाशीं गेलें. कारण आतां मी त्या खुर्चीवर बसतों. मैदानावर आरडाओरडा होतो, कोणीतरी एकजण मान वळवून खिडकीकडे पाहतो, आणि "चेंडूवरून भांडत असतील" असें म्हणून आम्ही पुढचा ठराव घेतों. त्या शिक्षकांना दोष देणें मला सोपें वाटत नाहीं.

आतां या घटनेच्या मागेंपुढें काय घडलें तें पाहूं. दोनच रात्रींपूर्वीं, १४ सप्टेंबरला, दक्षिण आफ्रिकेच्या विस्तीर्ण प्रदेशावरून एक अग्निगोल सरकत गेलेला सहस्रावधि लोकांनीं पाहिला होता. रशियानें ऑगस्टांत सोडलेल्या एका उपग्रहाच्या झेनिट जातीच्या अग्निबाणाचा भाग वातावरणांत शिरून जळत होता. पण लोकांना तें कोठून ठाऊक असणार? देशांत जिकडेतिकडे आकाशांतून आलेल्या पाहुण्यांचीच चर्चा चालली होती. शुक्रवारीं मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या कानांवर ती पडली नसेल असें म्हणवत नाहीं.

घटनेनंतरची कथा याहून विचार करण्याजोगी आहे. अशा विषयांचा छंद असलेल्या सिंथिया हाइंड या बाईंनीं मुख्याध्यापकांना कळविलें कीं, मीं येण्यापूर्वीं मुलांकडून चित्रें काढून घ्यावीं. ही सूचना उत्तम होती. परंतु पुढें मुलांना प्रश्न विचारले गेले ते घोळक्याघोळक्यानें, एकमेकांच्या देखत. ब्रिटिश नभोवाणीचे वार्ताहर येऊन गेले. वर्षअखेरीस अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन मॅक आले. गृहस्थ मोठे विद्वान. एका चरित्रग्रंथाबद्दल त्यांना १९७७ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें होतें. परंतु परग्रहवासी माणसांना उचलून नेतात या कथांवरचें त्यांचें पुस्तक त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें होतें, म्हणजे मनाचा कल अगोदरच ठरलेला. त्यांनीं घेतलेल्या मुलाखतींत कांहीं मुलांनीं सांगितलें कीं, त्या मोठ्या डोळ्यांतून आम्हांला निरोप मिळाला. मनुष्य पृथ्वीची नासाडी करीत आहे असा. घटनेनंतर लगेच घेतलेल्या जबान्यांत या निरोपाची वार्ता नव्हती. मुलांनीं मुद्दाम रचून सांगितलें, असें मी म्हणत नाहीं. मोठें, मायाळू माणूस समोर बसून एकच गोष्ट पुनःपुन्हां विचारूं लागलें, म्हणजे मूल त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उत्तर शोधतें. हें ज्यानें तोंडी परीक्षा घेतली आहे त्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

ही हकिकत मनांत असल्यामुळेंच २०२२ सालीं मला एक गोष्ट सुचली. त्या वर्षीं २ एप्रिलला गुढीपाडवा होता. वऱ्हाडांतील ज्या वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे होती, तेथें मुलें सायंप्रार्थना आटोपून अंगणांत आलीं होतीं. पावणेआठच्या सुमारास तेजाचे गोळे एकामागून एक, लांब शेपट्या ओढीत, आकाशांतून सावकाश सरकत गेले. मुलें ओरडत माझ्या खोलीकडे आलीं. मी बाहेर येईपर्यंत शेवटची रेघ विझत होती. मीं सर्वांना जेवणघरांत दूरदूर बसविलें, प्रत्येकाला अर्धा ताव कागद दिला आणि सांगितलें, "शेजाऱ्याशीं बोलूं नका. स्वतः पाहिलें तेवढेंच लिहा. ऐकलें तें लिहूं नका."

ते कागद मीं जपून ठेवले आहेत. कोणी लिहिलें अर्धा मिनिट, कोणी पांच मिनिटें. दोघांनीं सर्र असा आवाज ऐकला, बाकीच्यांनीं नाहीं. दिशांच्या बाबतींत तर चारी दिशांना न्याय मिळाला होता. आणि एका मुलानें, ज्याच्या तोंडून मीं कधीं खोटें ऐकलें नाहीं अशा मुलानें, एक लांबट वाहन काढलें होतें व त्याला चार उजळलेल्या खिडक्या दाखविल्या होत्या. अमेरिकेंत ३ मार्च १९६८ च्या रात्रीं झाँड नांवाच्या रशियन यानाच्या अग्निबाणाचे तुकडे असेच जळत गेले, तेव्हां प्रतिष्ठित, सुशिक्षित माणसांनीं खिडक्यांचें विमान पाहिल्याचें लिहून दिलें होतें. अंधारांत दिवे एका ओळींत सरकूं लागले कीं मधल्या काळोखाला डोळा आपण होऊन भिंत लावतो. दूरवरून जाणारी आगगाडी रात्रीं आपण अशीच ओळखतों, आणि तेथें ती सवय उपयोगीहि पडते.

त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत, लाडबोरी गांवांत, धातूचें एक भलेंमोठें कडें मोकळ्या जागेवर धाडकन येऊन पडलें. लोक भयानें घरांत शिरले, नंतर धीर करून बाहेर आले, आणि पोलिसांना कळविलें. आसपासच्या गांवांत धातूचे गोलहि सांपडले. फेब्रुवारी २०२१ मध्यें चीननें सोडलेल्या अग्निबाणाचा तो भाग असावा, असें जाणत्या खगोलशास्त्रज्ञांनीं अनुमान केलें. आकाशांतून तापलेलें लोखंड पडलें, हें लाडबोरीच्या खेडुतानें शहरांत जाऊन सांगितलें असतें आणि कडें हातीं लागलें नसतें, तर आपण त्याचें काय केलें असतें?

येथें एक गंमत सांगतों. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या, परग्रहवासियांच्या आगमनावरील १९७७ च्या प्रसिद्ध चित्रपटांत हिंदुस्थानांतील एका खेड्याचा प्रवेश आहे. तो आपल्या महाराष्ट्रांत, खालापूरजवळच्या हाल गांवीं चित्रित झाला. स्वर कोठून आले असें विचारतांच जमलेले शेंकडों लोक एकदम बोट वर करतात. प्रसंग मोठा भव्य दिसतो. पण माझ्या मुलांचे कागद वाचल्यापासून तो पाहतांना मला हंसूं येतें. खऱ्या साक्षीदारांचीं बोटें एका दिशेला कधीं वळत नाहींत. वळलीं तर त्यांनीं आधीं एकमेकांकडे पाहिलें असावें अशी शंका घ्यावी.

याचा अर्थ ग्रामीण माणसाला खुळा ठरवावा असा नव्हे. अमेरिकेंतील केंटकी राज्यांत केली नांवाच्या वस्तीजवळ २१ ऑगस्ट १९५५ च्या रात्रीं एका शेतावरच्या घरांतील माणसें मुलांबाळांसह मोटारींत बसून हॉपकिन्सव्हिलच्या पोलिस ठाण्यावर आलीं. रुपेरी, चमकणारे, लांब हातांचे, मोठ्या कानांचे, पिंवळ्या डोळ्यांचे बुटके जीव आमच्या घराभोंवतीं फिरत आहेत आणि गोळी घातली तरी मरत नाहींत, असें तीं सांगत होतीं. पोलिसांना खिडकीच्या जाळीला गोळीचें भोंक दिसलें. दुसरें कांहीं सांपडलें नाहीं. पण त्या माणसांची भीति खरी होती. शिंगांसारखे तुरे असलेलें तेथील मोठें घुबड, जें पिलांच्या काळजीनें माणसावर झेप घेतें आणि पंखांचा आवाज होऊं देत नाहीं, तेंच हें असावें, असें कांहीं शोधकांचें मत आहे व मला तें पटतें. वर्तमानपत्रांनीं मात्र रुपेरी जीवांचे 'हिरवे बुटके' केले. बघ्यांची जत्रा लोटली. कंटाळून त्या कुटुंबानें प्रवेशाचे पैसे घेण्याची पाटी लावली, तेव्हां लोक म्हणाले, पाहा, पैशासाठींच केलें होतें! घुबडाला भिणें ही चूक असेल. पण घाबरून मदत मागावयास आलेल्यांची जी थट्टा झाली, तिला कोणतें नांव द्यावें?

सर्वच हकिकती अशा उलगडतात असेंहि नाहीं. अमेरिकन विमानदलानें १९६९ पर्यंत १२,६१८ प्रकरणें तपासलीं; त्यांतील ७०१ अनिर्णीत राहिलीं. न्यू मेक्सिकोंतील सोकोरो गांवाबाहेर २४ एप्रिल १९६४ रोजीं लॉनी झमोरा या पोलिस शिपायाला अंड्याच्या आकाराची वस्तु व तिच्याजवळ पांढऱ्या पोशाखांतील दोन आकृति दिसल्या, आणि ती वस्तु ज्वाळा ओकीत उडून गेली. जागेवर जळालेलीं झुडपें व जमिनींत रुतल्याच्या खुणा होत्या. खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनीं तेथें जाऊन तपास केला. तें प्रकरणहि त्या ७०१ मध्यें आहे. अनिर्णीत म्हणजे परग्रहावरचें नव्हे. पुरावा अपुरा पडला, इतकाच त्याचा अर्थ. कोणत्याहि हकिकतींतून परग्रहवासियाचा निःसंशय पुरावा आजवर हातीं आलेला नाहीं. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या प्रश्नाचें माझें उत्तर एवढेंच आहे: सांगणारा खरा असूं शकतो, आणि तरीहि त्यानें सांगितलेली वस्तु तेथें नसूं शकते. दोहोंची चौकशी निरनिराळी करावी लागते, आणि पहिलीला घाई केली तर दुसरी कायमची बुडते.

रुवाचीं मुलें आतां चाळिशीच्या आसपास आहेत आणि देशोदेशीं पांगलीं आहेत. त्यांच्यावर २०२२ सालीं एक माहितीपट निघाला. त्यांतील कित्येकजण अजूनहि आपल्या शब्दाला धरून आहेत. पाहिलेल्या गोष्टीपेक्षां कोणी विश्वास ठेवला नाहीं याचेंच शल्य कांहींच्या बोलण्यांत अधिक जाणवतें. उलट, २०२३ सालच्या दुसऱ्या एका चित्रमालिकेंत त्या शाळेचा एक माजी विद्यार्थी म्हणाला कीं, दूर चकाकणारा एक दगड दाखवून थट्टेनें मींच तें उठवून दिलें. त्याच्या सोबत्यांना हें मान्य नाहीं. दगड असेल, ऊन असेल, रस्त्यानें जाणारें कोणी अनोळखी माणूस असेल. मुलांचीं चित्रें आहेत, मुलाखतींच्या फिती आहेत, मोठमोठ्या विद्वानांचे तर्क आहेत. परंतु मैदानाच्या टोकापासून तीं झुडपें शंभरएक मीटर दूर होतीं, आणि त्या मधल्या सुट्टींत तेथपर्यंत चालत जाऊन पाहणारें एकहि मोठें माणूस निघालें नाहीं.