क्रम कुणी लावायचा?

बिल्ड फाइलीतल्या यादीला क्रम असतोच. त्या क्रमाला कधी अर्थ असतो, कधी नसतो. फॉरमॅटिंगच्या तपासणीत मला अजूनही सतावणारी गोष्ट हीच आहे. इंडेंट किती, स्वल्पविराम कुठे, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, हे वाद केव्हाच मिटले. बिल्ड फाइलींचा फॉरमॅटर बिल्डिफायर सांगेल तसं ठेवावं आणि कामाला लागावं. आता तर बिल्ड फाइलीतल्या ओळी एआय सहायकही भराभर लिहून देतात, त्यामुळे पाइपलाइनमध्ये तपासणी हवी की नको, हा प्रश्नच उरलेला नाही. प्रश्न उरला आहे तो पुढचा: तपासणी नापास झाली की दुरुस्ती कुणी करायची? पुष्कळ ठिकाणी बॉट फाइल परस्पर सुधारतो, कमिट करतो आणि मोकळा होतो. मला हे मान्य नाही. यंत्राने मर्ज अडवावा, पण बदल लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत व्हावा.

याचं कारण या फाइलींच्या स्वभावात आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ हे बिल्ड साधन लिहिलं, तेव्हापासून मेकफाइलमधली कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. टॅबच्या जागी दिसायला तेवढ्याच स्पेस टाकल्या तर बिल्ड मोडतो. तिथे मोकळ्या जागेलाच अर्थ आहे. लिंकरच्या बाबतीत अर्थ क्रमाला आहे. जुन्या घडणीचा युनिक्स लिंकर स्टॅटिक लायब्ररी डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्या क्षणी जी नावं सापडलेली नसतील तेवढीच उचलतो. म्हणून जी लायब्ररी दुसरीवर अवलंबून आहे ती आधी लिहावी लागते. अशी यादी कुणी अकारविल्हे लावली तर फाइल देखणी होईल आणि लिंकिंग पडेल. सीमेकची अडचण आणखी वेगळी. तिथे प्रत्येक कमांडला शब्दांची नुसती रांग मिळते. प्रकल्पाने स्वतः लिहिलेल्या फंक्शनमध्ये त्यातला कीवर्ड कोणता आणि फाइलचं नाव कोणतं, हे फॉरमॅटरला वेगळं सांगावं लागतं. सीमेकचे फॉरमॅटर कमी पडतात अशी तक्रार ऐकू येते, ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. भाषेने जे सांगितलंच नाही, ते फॉरमॅटरने कुठून आणायचं?

गूगलने २०१५ साली बेझल हे आपलं बिल्ड साधन खुलं केलं. त्यात बिल्डिफायरला याद्या लावता येतात, याचं श्रेय मी बिल्डिफायरइतकंच बेझलला देतो. ‘डेप्स’ ही अवलंबनांची यादी कोणत्याही क्रमाने लिहिली तरी सी++ लायब्रऱ्यांचा लिंकिंगचा क्रम बेझल अवलंबनांच्या आलेखावरून ठरवतं. म्हणजे यादीतला अर्थ आधी भाषेने काढून घेतला आणि मगच फॉरमॅटरने तिला हात लावला. ‘लिंकऑप्ट्स’ या लिंकरच्या पर्यायांच्या यादीत क्रमाला अर्थ आहे, तर ती यादी बिल्डिफायर जशीच्या तशी ठेवतो. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. लावलेल्या यादीचा फायदाही खराखुरा आहे. प्रत्येकजण आपली ओळ शेवटी चिकटवू लागला की दोन ब्रँच एकाच जागी भिडतात आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट येतो. यादी लावलेली असेल तर नव्या ओळी आपापल्या जागी विखुरतात. पण अपवाद उरतातच. जावाच्या क्लासपाथवर एकाच नावाचा क्लास दोन जारमध्ये असेल, तर आधी येणारा जार जिंकतो. तिथे ‘डेप्स’चा क्रम बदलला की चालणारा कोड बदलू शकतो, आणि फॉरमॅटरला त्याचा पत्ताही नसतो.

याहून मोठा सापळा कॉमेंटचा आहे. समजा, एका यादीत ‘लेगसी’, मग ‘ऑथ’, मग ‘कॅश’ अशा तीन ओळी आहेत आणि ‘लेगसी’च्या डोक्यावर कॉमेंट आहे: ‘पुढच्या रिलीजला काढून टाकणे’. बिल्डिफायर अशी स्वतंत्र ओळीवरची कॉमेंट त्या गटाचा मथळा मानतो. तो खालच्या तीन ओळी इंग्रजी वर्णक्रमाने लावतो आणि कॉमेंट गटाच्या माथ्यावरच ठेवतो. आता ‘ऑथ’ वर आला. म्हणजे फाइल सांगते की पुढच्या रिलीजला ‘ऑथ’ काढून टाकायचा आहे. बिल्ड हिरवा, टेस्ट हिरव्या, फॉरमॅटरही समाधानी. ओळीच्या शेवटी लिहिलेली कॉमेंट आपल्या ओळीबरोबर जाते, हे ठाऊक असलेला माणूस ती तिथेच लिहील. पण ठाऊक नसलेल्याची चूक पकडली जाण्याची एकच जागा आहे: त्याने स्वतः दुरुस्ती चालवून डिफ वाचला, ती. बॉटने केलेल्या कमिटचा डिफ सहसा कुणी वाचत नाही.

यावर आक्षेप येतो की एका कमांडसाठी माणसाला कशाला थांबवायचं. थांबायचं ते कमांडसाठी नाही, डिफसाठी. शिवाय अडवतानाही नेमकेपणा ठेवता येतो. चेक मोडमध्ये बिल्डिफायर व्याकरण चुकलं तर १ आणि नुसतं फॉरमॅट करणं बाकी असेल तर ४ हा कोड परत करतो. पाइपलाइनने हा फरक माणसापर्यंत पोचवावा, सरसकट लाल फुली दाखवू नये. दुसरा आक्षेप असा, की जुना प्रकल्प एकदम फॉरमॅट केला तर प्रत्येक ओळीवर भलत्याचंच नाव येतं. २०१९ साली आलेल्या गिट २.२३ पासून असे कमिट ‘ब्लेम’मधून वगळता येतात. तिसरा आक्षेप माझ्या मनातलाच आहे. हाताने लावलेल्या यादीत, आधी गाभा, मग आधार, मग टेस्टचं सामान, माझी समज दिसते असं मला वाटतं, आणि यंत्राने ती रांग मोडली की मला लागतं. यातला बराच भाग अहंकाराचा आहे, हे मी कबूल करतो. त्या यादीतला एखादा गट खरोखर अर्थाचा असेल तर त्यावर कॉमेंट लिहिता येते आणि बिल्डिफायर ती सीमा पाळतो. तेवढं लिहायचा कंटाळा येत असेल, तर गटाला फारसा अर्थ नव्हताच.

म्हणून माझ्यासारखंच काम करणाऱ्यांना एवढीच विनंती: बिल्डिफायरची आवृत्ती प्रकल्पात पक्की करा, बॉटचा लिहिण्याचा हक्क काढून घ्या, आणि जिथे यादी लावू नये म्हणून ‘डू नॉट सॉर्ट’ अशी कॉमेंट लिहाल तिथे क्रम बदलला तर काय मोडतं, तेही लिहा.